घरी मराठी, दारात कोंकणी, शाळेत इंग्रजी: फोंड्यातल्या एका आईला उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा आधी मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही मूळ कोल्हापूरच्या, दोन वर्षांपासून फोंड्यात भाड्याने राहता, यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये. मुलगी साडेपाच वर्षांची, इंग्रजी केजीत, पुढच्या वर्षी पहिलीत. टीचर म्हणतात घरी इंग्रजी बोला, नाहीतर मागे पडेल. सासूबाई फोनवर म्हणतात पोरीची मराठी बिघडली. ती शेजारच्या मुलांत दिवसभर कोंकणी बोलते, टीव्ही हिंदीत चालतो. इतक्या भाषांनी डोक्यात गोंधळ होईल का, माध्यम कोणतं घ्यावं, आणि खाली खेळताना कुणी तिला "घाटी" म्हटलं त्यावर काय बोलावं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

माझ्या मते तुमची अडचण भाषांच्या संख्येत नाही. मराठी आणि कोंकणी एकमेकींना इतक्या लागून आहेत की घरात कोंकणी आली तरी कुणी तिला कोंकणी म्हणून ओळखत नाही, "बिघडलेली मराठी" म्हणून टोकलं जातं. मुलगी तमिळ किंवा कन्नड शिकून आली असती तर याच सासूबाईंनी चार जणांना कौतुकाने सांगितलं असतं.

एक वाक्य घ्या. "म्हाका नुस्तें जाय." कोल्हापूरच्या कानाला हे 'मला नुसतं जाय' असं काहीतरी तुटकं वाटतं. कोंकणीत ते पूर्ण, शुद्ध वाक्य आहे: मला मासे हवेत. 'नुस्तें' म्हणजे मासे, 'जाय' म्हणजे हवं, 'नाका' म्हणजे नको. ताटातल्या भाताला ती 'शीत' म्हणत असेल; आपल्याकडे शीत म्हणजे एक दाणा, इथे शिजलेला सगळा भात शीत आणि 'भात' म्हणजे साळीचं भात. मैत्रिणीबद्दल ती 'तें आयलें' म्हणत असेल, तर आपण तिला 'ती आली' असं दुरुस्त करतो. पण गोव्याच्या कोंकणीत लहान मुलीसाठी नपुंसकलिंग वापरतात, तो तिथला नियमच आहे. साडेपाच वर्षांच्या मुलीने तो नुसता ऐकून उचलला, म्हणजे तिचं भाषेचं यंत्र उत्तम चाललंय. (कोल्हापूरकडच्या मुली स्वतः 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तेव्हा लिंगावरून ओरडण्याआधी सासूबाईंना याची प्रेमाने आठवण करून द्यायला हरकत नाही.)

तर पहिलं काम: एक आठवडा तिला अजिबात दुरुस्त करायचं नाही, फक्त वहीत टिपायचं. रोज दहा-बारा वाक्यं, ती जशी बोलली तशी. आठवड्याअखेर त्यांचे तीन गठ्ठे पाडा. पहिल्यात मराठी वाक्यात आलेला परका शब्द, उदाहरणार्थ 'मला उदक दे'. हा निरुपद्रवी, तिकडे लक्ष देऊ नका. दुसऱ्यात कोंकणीचं व्याकरण मराठीत उतरलेलं, 'तें आयलें'सारखं. ते वेगळ्या पद्धतीने हाताळायचं, खाली सांगते. तिसऱ्यात अशा जागा, जिथे तिला सांगायचं होतं पण कुठल्याच भाषेत जमलं नाही: 'ते... तिथं... ते केलं ना तसं' म्हणून ती अडली, किंवा चिडून गप्प झाली. खरी मेहनत या तिसऱ्या गठ्ठ्यावर करायची. बहुतेक पालक पहिल्या गठ्ठ्यावर ओरडण्यात दिवस घालवतात आणि तिसरा गठ्ठा आहे हे त्यांना कळतच नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यासाठी 'चूक' हा शब्द घरातून काढून टाका. ती 'म्हाका नुस्तें जाय' म्हणाली की तुम्ही मराठीत उत्तर द्या: "मासे हवेत तुला? बांगडा देऊ की सुरमईचा तुकडा?" तिने म्हणायला हवं होतं ते रूप तिच्या कानावर पडलं, आणि संभाषण तुटलं नाही. तिच्याकडून 'पुन्हा नीट म्हण' असं वदवून घेऊ नका. त्याने मूल भाषा सुधारत नाही, बोलणं कमी करतं.

त्याच्या जोडीला दोन्ही भाषांना नावं द्या. "खाली कोंकणीत काय म्हणतात? आणि आपल्या घरी मराठीत?" असा जोड्यांचा खेळ करा. उदक–पाणी, आयज–आज, फाल्यां–उद्या, सुंगटां–कोळंबी, हांव–मी. रोज दोन जोड्या पुरे, स्वयंपाक करता करता होतात. पाच-सहा वर्षांचं मूल 'ही भाषा इथली, ती भाषा तिथली' हे सहज पकडतं, फक्त मोठ्यांनी ते उघड बोलायला हवं. अगदी वेगळ्या वाटणाऱ्या भाषा मूल आपोआप वेगळ्या ठेवतं. सख्ख्या बहिणींसारख्या भाषांमधली भिंत मात्र दाखवावी लागते.

आता टीचरच्या सल्ल्याकडे. त्यांचा हेतू चांगला असेल, पण हा सल्ला मानू नका. घरात तुम्ही इंग्रजी बोललात तर काय बोलाल? 'कम हिअर, ईट फास्ट, डोन्ट डू दॅट.' मराठीत तुम्ही तिला सांगू शकता की आमटी उतू का गेली, आज्जीच्या गावी पंचगंगेला पूर आला की काय होतं, बाबांची रात्रपाळी म्हणजे काय, काकू आज रागावलेल्या का होत्या. कारण, शक्यता, तुलना, मनातली गोष्ट हे सगळं ज्या भाषेत आईला सहज जमतं, त्याच भाषेत मुलाला मिळतं. एकदा 'जड-हलकं', 'आधी-नंतर', 'म्हणून', 'नाहीतर' या कल्पना मराठीत पक्क्या झाल्या की इंग्रजीत तिला फक्त नवी नावं शिकायची राहतात. कल्पनाच नसेल तर 'बिकॉज' पाठ करून काही होत नाही.

शिवाय बाहेरच्या मोठ्या भाषेच्या दबावाखाली घरची भाषा खरंच जाते. बेल्जियममधल्या सुमारे १,९०० कुटुंबांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. घरात दोन भाषा कानावर पडणाऱ्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा मुलं घरची अल्पसंख्य भाषा बोलतच नव्हती, आणि जिथे आई-वडील दोघंही घरात फक्त तीच भाषा बोलत, तिथे जवळजवळ सगळी मुलं ती बोलत होती. फोंड्यात मराठी अल्पसंख्य म्हणावी का, हा वेगळा वाद आहे. तुमच्या मुलीच्या दिवसात मात्र ती अल्पसंख्य होऊ शकते.

टीचरना नकार देण्याऐवजी काम मागा. "पुढच्या महिन्यात वर्गात कोणते विषय आहेत ते सांगा, मी घरी मराठीत त्यावर बोलेन." भाज्या, वाहनं, पावसाळा, शरीराचे अवयव, जे असेल ते. बाजारात मावशीकडे गेलात की तोच विषय मराठीत मोकळेपणी बोला. वर्गात इंग्रजी शब्द आला की तिला तो ओळखीचा वाटतो. ज्या टीचरला पालकांचं सहकार्य हवंय, तिला हे पटतं. इंग्रजीसाठी घरी काही करायचंच असेल तर रोज एक पातळ चित्रांचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवा, दहा मिनिटं, आणि गप्पा मराठीत मारा.

आता तासांचा हिशेब करा. मूल दिवसाला साधारण तेरा तास जागं, म्हणजे आठवड्याला नव्वदच्या आसपास. शाळा वीस-पंचवीस तास इंग्रजी, खेळणं पंधरा-वीस तास कोंकणी, टीव्ही सात-दहा तास हिंदी. उरलेले पस्तीस ते पन्नास तास कागदावर मराठीचे. एखादी भाषा मुलाने समजण्याच्या पुढे जाऊन बोलावी, तर जागेपणाचा निदान पाव हिस्सा तिच्या वाट्याला यावा, असा एक ढोबळ अंदाज वापरतात. तेवढं तुमच्याकडे आहे. पण त्या तासांत 'आवर, जेव, झोप, बूट घाल' हेच चालत असेल तर तास भरतात आणि भाषा पातळच राहते. म्हणून रोज वीस मिनिटं अशी ठेवा की हातात मोबाइल नाही आणि तोंडात हुकूम नाही. तिसऱ्या गठ्ठ्यावरची मेहनत ती हीच. यजमान रात्रपाळीला असतील त्या आठवड्यात ही वीस मिनिटं सकाळी त्यांनी घ्यावीत. बापाची भाषा वेगळी असते, शब्द वेगळे असतात. मशीन, नट-बोल्ट, बसचा ड्रायव्हर हे सगळं तिला तिथूनच मिळतं.

सासूबाईंनाही कामाला लावा. 'जेवलीस का, अभ्यास केलास का' यावर मूल 'हो' आणि 'हो' म्हणून फोन परत करतं. त्याऐवजी आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि दर वेळी एक काम. एकदा गोष्ट अर्ध्यावर सोडायची, उरलेली नातीने पुढच्या वेळी सांगायची. एकदा पातेलं कॅमेऱ्यासमोर धरून तांबडा रस्सा कसा करायचा ते सांगायचं. एकदा नातीने आजीला कोंकणीचे पाच शब्द शिकवायचे. या शेवटच्या कामाने 'बिघडली' हे गाऱ्हाणं आपोआप मवाळ होतं.

आता माध्यम. ठाम एक उत्तर इथे देता येत नाही, ते परिस्थितीवर आहे. थोडी पार्श्वभूमी: गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी माध्यमाच्या, काही कोंकणीच्या. १९९० च्या धोरणाने प्राथमिक शाळांचं अनुदान प्रादेशिक भाषांपुरतं ठेवलं होतं, २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुलं झालं आणि त्यावर रस्त्यावर उतरून वाद झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी असं सुचवतं. पण इथली व्यवहारातली वस्तुस्थिती अशी की चौथीनंतर माध्यमिक शाळेत पाचवीपासून माध्यम बहुतेक ठिकाणी इंग्रजीच होतं. म्हणून 'मराठी की इंग्रजी' यापेक्षा 'इंग्रजीत उडी पहिलीत मारायची की पाचवीत' असा प्रश्न विचारलात तर निर्णय सोपा होतो.

तुम्ही निदान पाच वर्षं फोंड्यात राहणार असाल, आणि चालत किंवा रिक्षाने जाण्याच्या अंतरावर मराठी शाळा असेल जिथे शिक्षक पुरेसे आहेत, तर मी मराठी माध्यमाकडे झुकेन. पण शाळा आधी डोळ्यांनी बघून या. पट किती आणि शिक्षक किती ते विचारा. एकच शिक्षिका चार इयत्ता एकत्र सांभाळत असेल तर माध्यम कितीही योग्य असो, पोरीला शिकवायला वेळ मिळणार नाही. इंग्रजी विषय पहिलीपासून कोण शिकवतं, वर्गात मुलं बोलतात की फक्त फळ्यावरचं उतरवतात, हे दाराशी पंधरा मिनिटं उभं राहून कळतं. यजमानांची बदली बेंगळूरु-हैदराबादकडे व्हायची शक्यता असेल, तर इंग्रजी माध्यम सोयीचं. मात्र मग मराठी वाचन-लेखन पूर्ण तुमच्या अंगावर येतं, हे आताच मान्य करून ठेवा. कोंकणी माध्यमाची चांगली शाळा शेजारी असेल तर तोही पर्याय हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या मुलीला ती भाषा येते आणि लिपी देवनागरीच.

मराठी माध्यम घेतलंत तर तिसरी-चौथीत पाचवीची तयारी करा. जे चुकतं ते असं: पालक चौथीच्या मे महिन्यात जागे होतात, इंग्रजीची शिकवणी लावतात, तिथे 'टेन्स' आणि पाठ केलेली उत्तरं. पाचवीत मूल गणितात आपटतं आणि सगळे म्हणतात गणित कच्चं. गणित कच्चं नसतं, प्रश्न वाचता येत नाही. 'हाऊ मेनी मोर', 'लेफ्ट', 'ईच', 'अल्टुगेदर' या शब्दांवर उदाहरण फिरतं. तिसरीपासून एक दोन रकान्यांची वही ठेवा: बेरीज–ॲडिशन, बाकी–रिमेंडर, छेद–डिनॉमिनेटर, बाष्पीभवन–इव्हॅपोरेशन. आठवड्याला आठ-दहा शब्द, आणि प्रत्येक शब्दाचं एक उदाहरण तिने तोंडी सांगायचं. चौथीत आठवड्याला तीन शाब्दिक उदाहरणं इंग्रजीतून. अंकांच्या नावांकडेही बघा. आपण 'पंचवीस' म्हणताना आधी पाच म्हणतो, इंग्रजीत वीस आधी. घाईत २५ चे ५२ होतात. ती चूक बुद्धीची नसते, कानाची असते.

यात वेळेचा अंदाज हवा. परक्या भाषेत गप्पा मारण्याइतकं मूल साधारण दोन वर्षांत तयार होतं; पाठ्यपुस्तकातली भाषा सोबतच्या मुलांच्या बरोबरीने झेपायला पाच ते सात वर्षं लागतात. हा फरक कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही तो तितकाच लागू आहे. मूल फडाफडा इंग्रजी बोलतं पण इतिहासाचा परिच्छेद कळत नाही, याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

इंग्रजी माध्यम घेतलंत तर मराठी वाचन पहिलीच्या दुसऱ्या सहामाहीत सुरू करा, इंग्रजी अक्षरं थोडी बसल्यावर. अख्खी बाराखडी पाठ करून घेण्यात सहा महिने घालवू नका. क, म, न, ब, ल आणि काना एवढ्यावर 'काम, नाक, कान, मामा, बाबा, लाल, कमल' वाचता येतं. आठवड्याला चार नवी अक्षरं, रोज दहा-पंधरा मिनिटं, आणि शिकलेल्या अक्षरांत वाचता येईल तेवढंच वाचायला द्या. पहिली-दुसरी वेलांटी, उकार यांचं र्‍हस्व-दीर्घ सुरुवातीला लेखनात तपासू नका. जोडाक्षरं शेवटी. एकच लिपी मराठी, कोंकणी, हिंदी तिन्हींना चालते, म्हणजे मेहनत एकदाच.

फक्त एक खाच लक्षात ठेवा. कोंकणीत नाकातला स्वर अर्थ बदलतो, म्हणून तिथे अनुस्वार लिहितात: नांव, पांच, तें, हांव. मराठीत १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले: नाव, पाच, ते. मुलगी मराठीत 'नांव' लिहील आणि तुम्ही तांबड्या पेनाने टिंब खोडाल. खोडू नका, शेजारी दुसरं रूप लिहा. पणजीआजीच्या जुन्या पोथीत तर 'नांव' मराठीतच सापडेल.

मराठीची मदत गावातच आहे, ती वापरा. फोंड्याकडच्या हिंदू घरांत बोलणं कोंकणी, पण गणेश चवथीच्या आरत्या, देवळातलं भजन, जत्रेचं नाटक आणि सकाळचं वर्तमानपत्र बरंचसं मराठी. नव्याने आलेल्या माणसाचा इथेच घोटाळा होतो: देवळात मराठी ऐकली की त्याला वाटतं सगळे मराठीच, आणि तो शेजाऱ्याला सांगतो 'तुमची कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली'. हे वाक्य मुलीसमोर तर नाहीच, कुठेच म्हणू नका. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ च्या कायद्याने ती देवनागरी लिपीत गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद राहिली, १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. यामागे माणसांनी खूप सोसलंय, दोन्ही बाजूंनी. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ६६ टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी सांगितली, सुमारे ११ टक्क्यांनी मराठी. आणि व्यवहाराचं सांगायचं तर गोवा सरकारच्या नोकरीच्या जाहिरातींत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं लिहिलेलं असतं. मुलगी आज खाली खेळताना जे फुकट शिकतेय, ते पुढे तिच्या उपयोगाचं आहे.

म्हणून तुम्हीही वीस वाक्यं शिका, मुलीकडूनच. 'कितें जालें?' (काय झालं?), 'हांगा यो' (इकडे ये), 'देव बरें करूं' (आभार मानताना म्हणतात). उच्चार चुकला की तिला हसू द्या. घरात आई कोंकणी शिकतेय हे दिसलं की ती भाषा लपवायची गोष्ट राहत नाही.

काळजी कधी करायची? भाषा मिसळल्या म्हणून कधीच नाही. नव्या शाळेत पहिले काही आठवडे, कधी काही महिने मूल गप्प राहतं, तेही चालतं. त्या काळात ते खुणा करतं, खेळात असतं, ऐकतं. पण या वयात एकाही भाषेत पूर्ण वाक्य येत नसेल, परक्या माणसाला तिचं बोलणं कळत नसेल, दोन टप्प्यांची सूचना ('पिशवी आत ठेव आणि चप्पल आण') घरच्या भाषेतही पाळता येत नसेल, सहा महिन्यांनंतरही शाळेत चकार शब्द नसेल, किंवा येत असलेली भाषा मागे जात असेल, तर आधी श्रवण तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांकडे. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दोन्ही विभाग आहेत. तिथे कुणी 'एक भाषा बंद करा' म्हणालं तर कारण विचारा. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही, आणि एक काढून घेतल्याने ते लवकर येत नाही.

राहिला 'घाटी' शब्द. तो घाटापलीकडच्या माणसाला हिणवायला वापरतात, हे तिला खोटं न बोलता सांगा: "आपण घाट उतरून आलो म्हणून काही जण तसं म्हणतात. चांगल्या मनाने म्हणत नाहीत." उलट शिवी शिकवू नका, आणि 'लक्ष देऊ नकोस' म्हणून विषयही मिटवू नका. तिच्या तोंडी एक वाक्य द्या, त्यांच्याच भाषेतलं: "हांव फोंड्यां रावतां", म्हणजे मी फोंड्यात राहते. आणि कोल्हापूरला गेल्यावर तिकडची मुलं तिला 'गोयंकार' म्हणून चिडवतील, तेव्हासाठी दुसरं वाक्य आत्ताच तिच्याशी बसून ठरवा. ते तिलाच सुचू द्या.